टाचेवरचा काटा

पहिले तीन आठवडे आम्ही तिला 'तो' म्हणत होतो.

ऑगस्टमधला रविवार होता. टेक्सासमध्ये डॅलसच्या उत्तरेला प्लेनो हे शहर आहे, माझी लेक तिथे राहते. मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेले होते. जावई आणि बारा वर्षांचा नातू सकाळीच सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका प्रदर्शनाला गेले होते. दुपारी परतले तेव्हा नातवाच्या हातात विरजणाच्या भांड्याएवढा प्लास्टिकचा डबा होता. झाकणाला भोकं पाडलेली. आत ओलसर कागद, एक काडी आणि त्या काडीला चारी पायांनी धरून बसलेला पोपटी जीव. शेपूट सोडली तर माझ्या करंगळीएवढा. डब्यावरच्या चिठ्ठीत तीनच गोष्टी होत्या: पिल्लू, नर, तब्येत उत्तम. जात कोणती, जन्म कधीचा, खातो काय, याबद्दल अक्षर नाही. सोबत नवशिक्यांसाठीचा संच म्हणून काचेची पेटी, पिळदार बल्ब, पाण्याची वाटी आणि विजेवर तापणारा नकली दगड दिला होता. नातवानं गाडीतच नाव ठेवून टाकलं होतं, वाटाणा.

मी पस्तीस वर्षं शेतीपाण्याच्या बातम्या केल्या. त्या कामात हाडीमाशी खिळतात ते प्रश्न म्हणजे कोण, कुठला, कधीपासून. त्या डब्याकडे बघताना मला तेच पडले आणि घरात उत्तर देणारं कुणी नव्हतं. मग मी आणि नातू वही घेऊन बसलो. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे.

अगदी मुळापासून सुरुवात केली. शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, म्हणून आणलेला हा जीव खरंच शॅमेलिऑन आहे कशावरून? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. लेकीच्या मागच्या अंगणात लाकडी कुंपणावर एक सडपातळ हिरवा सरडा फिरतो, ॲनोल नावाचा. तोही हिरव्याचा तपकिरी होतो. अमेरिकेत जत्रांमधून आणि सर्कशीच्या तंबूबाहेर तो एके काळी 'अमेरिकन शॅमेलिऑन' म्हणून खपवला जायचा, आणि ते नाव अजून पुरतं पुसलं गेलेलं नाही. खऱ्या शॅमेलिऑनशी त्याचं नातं फार दूरचं आहे. फरक पाहायचा तो पायात. ॲनोलची पाचही बोटं सुटी. शॅमेलिऑनची बोटं दोन गठ्ठ्यांत बांधलेली, चिमट्यासारखी: पुढच्या पायात तीन आतल्या बाजूला आणि दोन बाहेर, मागच्या पायात नेमकं उलट. शिवाय डोळा. पापणी बुबुळापर्यंत चढलेली, मधे टाचणीनं टोचल्यासारखं भोक, आणि दोन्ही डोळे दोन दिशांना फिरणारे. तिसरी खूण शेपटीची, घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळणारी. वाटाण्याजवळ तिन्ही होत्या.

हे वहीत लिहिताना मला गावाकडची एक दुपार आठवली. आपल्या भाषेत 'सरडा' या एका शब्दात आपण सगळ्यांना कोंबतो. कुंपणापर्यंत धाव घेणारा म्हणीतला सरडा हा बागेतला, विणीच्या दिवसांत डोकं-गळा लालभडक होणारा, चपळ. शॅमेलिऑन धावतच नाही. त्याला मराठीत वेगळी नावं आहेत, घोयरा किंवा सरडगुहिरा. भारतात शॅमेलिऑनची ही एकच जात, द्वीपकल्पाच्या बऱ्याच भागात आणि श्रीलंकेत आढळणारी. मी आठ-नऊ वर्षांची असताना पावसाळ्यानंतर एक घोयरा गाडीवाट ओलांडत होता. एक पाय उचलायचा, वाऱ्यावर पान हलावं तसं पुढेमागे डुलायचं, मग तो पाय टेकायचा. विषारी आहे, नजर लागते, थुंकला की अंगावर फोड येतात, असं म्हणत मुलांनी त्याला दगडांनी मारलं. त्याला विष नसतं. थुंकताही येत नाही. त्याच्याकडे पळण्याचे पाय नव्हते, म्हणून त्यानं अंग चपटं केलं, काळा पडला आणि तोंड उघडून फिस्कारला. त्याच्याजवळ तेवढंच होतं. मी दगड मारला नव्हता, पण कुणाला थांबवलंही नव्हतं. टेक्सासमधल्या त्या डब्याशी मी इतकी गुंतले त्याच्या मागे ती दुपार आहे.

शॅमेलिऑन ठरला, पण कोणता? जगात त्यांच्या दोनशेहून जास्त जाती आहेत आणि निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्कर बेटावर. २०२१ साली तिथूनच नोंदवलेल्या एका इवल्या जातीचा नर तोंडापासून बुडापर्यंत जेमतेम साडेतेरा मिलिमीटर भरला, बोटाच्या पेरावर मावेल असा. अमेरिकेतल्या घरांमध्ये मात्र बहुतेक तीनच जाती सापडतात. केनिया-टांझानियातला जॅक्सन, ज्याच्या नराच्या तोंडावर तीन शिंगं असतात आणि ज्याची मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते. मादागास्करच्या किनाऱ्यावरचा पँथर, ज्याचे नर गावागणिक वेगळे: नोसी बे बेटावरचा निळा-हिरवा, अंबिलोबे भागातला लाल पट्ट्यांचा. आणि तिसरा व्हेल्ड, डोक्यावर हाडाचा उंच तुरा असलेला. पिल्लात तुरा छोटा असतो, पण असतो. वाटाण्याच्या टाळूवर मोदकाच्या शेंड्यासारखं टोक होतं, हनुवटीखाली आणि पाठीवर करवतीसारखे बारीक दाते. व्हेल्ड. शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्राटस. घोयरा कॅमेलिओ झेलॅनिकस. म्हणजे आडनाव एकच, सख्खं कूळ.

राहिला प्रश्न नर-मादीचा. चिठ्ठीत 'नर' लिहिलं होतं, ते आम्ही मानलं. तिसऱ्या आठवड्यात लेकीला ओळखीतून एका गृहस्थांचा पत्ता मिळाला. गाडीनं पाऊण तासावर राहणारे, गॅरेजमध्ये शॅमेलिऑनची पैदास करणारे. साठीच्या पुढचे, मृदू बोलणारे. त्यांनी नातवाला हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. डबा उचलून दिव्यापुढे धरला, खालून भिंगानं मागच्या पायाकडे पाहिलं आणि मला बोलावलं. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाला, टाचेच्या जागी, मांसल काट्यासारखा उंचवटा असतो. अंड्यातून बाहेर येतानाच असतो, त्यासाठी मोठं होईपर्यंत थांबावं लागत नाही. त्यांनी शेजारच्या खोक्यातलं तेवढंच एक नर पिल्लू दाखवलं. बाजरीच्या दाण्याएवढा काटा, पण स्पष्ट. आमच्या पिल्लाची टाच सपाट होती.

"मादी आहे," ते म्हणाले, "आणि हे तुम्हाला आज कळलं, हे तिचं नशीब."

नातवाचा चेहरा पडला. नर मोठा होतो, दीड फुटांच्याही पुढे जातो, त्याचे पट्टे भडक असतात, सगळ्यांना तोच हवा असतो. मादी फूटभर. पण त्या गृहस्थांचं पुढचं वाक्य ऐकून आम्ही तिघंही गप्प झालो. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते. कोंबडी घालते तशी, निर्बीज. पाच-सहा महिन्यांची झाली की तिच्या पोटात वीस-तीस, कधी त्याहून कितीतरी जास्त अंडी धरतात. ती पुरायला तिला खोल, ओली वाळू लागते. ती मिळाली नाही तर ती अंडी अडवून धरते आणि त्यातच मरते. नर समजून पाळलेल्या कितीतरी माद्या अशा जातात आणि घरच्यांना वाटतं, अचानक गेला बिचारा.

घरी येताना नाव बदललं. वाटाणा होती ती मेथी झाली. नाव मी सुचवलं, नातवाला आवडलं.

त्याच रात्री नकाशा काढला. व्हेल्डचं घर म्हणजे येमेनचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग आणि त्याला लागून सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य कोपरा. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं ते नाही. पायऱ्यापायऱ्यांची शेती, पावसाळी ओढे, झाडी. नातवाला मी येमेनमधल्या एडनवर बोट ठेवायला सांगितलं. १८३९ पासून १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाक्यातून चालायचा, आणि वासुदेव बळवंत फडक्यांना ठेवलं होतं ते याच एडनच्या तुरुंगात. १८८३ साली ते तिथेच गेले. "म्हणजे मेथी आपल्या शेजारची," नातू म्हणाला. तसं पाहिलं तर खरंच. पण या पिल्लानं येमेन पाहिलेलं नव्हतं. ते आणि त्याचे आईवडील पिंजऱ्यातच जन्मलेले असणार. आणि ते एक बरंच आहे, कारण जंगलातून पकडून आणलेला शॅमेलिऑन पोटात जंत आणि अंगात धास्ती घेऊनच येतो, फार थोडे जगतात.

आता संगोपनाकडे येते. इथे आमच्या हातून झालेली चूक मी सविस्तर सांगणार आहे.

संचातली काचेची पेटी आम्ही खिडकीशी ठेवली होती. भरपूर ऊन येतं, पिल्लाला छान. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मेथीची पकड सुटायला लागली. फांदीवर पाय ठेवताना तो थरथरायचा. मागचा एक पाय गुडघ्यात जरा बाकदार दिसायला लागला. लेकीनं सरपटणाऱ्या प्राण्यांची डॉक्टर शोधली, आम्ही गेलो. तिनं एक्स-रे काढला. हाडं फिकट, जशी पांढरी उमटायला हवीत तशी नाहीत. आपल्याकडे लहान मुलांना मुडदूस व्हायचा, त्याचाच हा भाऊबंद.

कारण तिनं कागदावर काढून समजावलं. उन्हातल्या अतिनील किरणांचा एक ठरावीक पट्टा, ज्याला यूव्हीबी म्हणतात, कातडीवर पडला की तिथे ड जीवनसत्त्व तयार व्हायला लागतं. ते असेल तरच आतड्यातून कॅल्शियम रक्तात जातं. नसेल तर शरीर रक्ताची गरज भागवायला स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढतं. खिडकीची काच हा पट्टा अडवते. उजेड येतो, ऊब येते, पण हाडांना हवं ते बाहेरच राहतं. संचातला पिळदार बल्बही पेटीच्या एका कोपऱ्यापुरताच. आम्ही तिला उजेडात ठेवून अंधारात ठेवलं होतं.

काचेची पेटी त्याच दिवशी गेली. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच जाळीचा पिंजरा आला. उंची महत्त्वाची, कारण शॅमेलिऑनला सुरक्षित वाटतं ते उंचावर, आपल्या डोळ्यांच्या वर. माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर ठेवलेला पिंजरा म्हणजे त्याच्यासाठी घारीखाली बसणं. वर पिंजऱ्याभर जाणारी यूव्हीबीची लांब ट्यूब, तीही बारा तासच, कारण रात्र ही पूर्ण काळोखी हवी. किरणांची तीव्रता मोजायचं यंत्र त्या पैदासकार गृहस्थांनी उसनं दिलं. ऊन खाण्याच्या फांदीवर यूव्ही निर्देशांक ३ च्या आसपास हवा, त्याहून फार जास्त नको. जाळीतून येताना बरीच तीव्रता कमी होते, म्हणून मोजल्याशिवाय फांदी बांधायची नाही. ट्यूब वर्षभरात निकामी होते. दिसायला लख्ख पेटलेली असते, पण यूव्हीबी आटलेला असतो. पिंजऱ्यावर बदलण्याची तारीख लिहून ठेवणं हा आमच्या घरातला नियम झाला.

ट्यूबच्या शेजारी साधा उष्णतेचा दिवा. फांदीवर २७ ते २९ अंश सेल्सिअस, मादीला आणि पिल्लाला एवढंच पुरे. खाली सावलीत थंड कोपरा, म्हणजे तिला नको वाटलं की खाली उतरता येईल. रात्री दिवा बंद, तापमान २० च्या आसपास उतरलं तरी चालतं, उतरावंच. तापणारा दगड फेकून दिला. पोटाखालची उष्णता या प्राण्यांना नीट उमगत नाही, चटके बसून जखमा होतात.

पाण्याची वाटीही निरुपयोगी होती. शॅमेलिऑन साचलेलं पाणी बहुधा ओळखतच नाही. त्याला हलणारा, चमकणारा थेंब दिसावा लागतो. पहाटेचं दव, पानावरून ओघळणारी सर. म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन-तीन मिनिटं बारीक फवारा, आणि दिवसा वरून थेंब थेंब गळणारी बाटली. दोन फवाऱ्यांच्या मधे पिंजरा कोरडा व्हायला हवा, सतत दमट राहिला तर छातीत कफ होतो. पाणी पुरेसं पोचतंय की नाही हे तिच्या शीतून कळतं. काळ्या भागासोबत पांढरा खडूसारखा तुकडा पडतो. तो पांढरा असला तर ठीक. नारिंगी दिसला की समजायचं, तहानलेली आहे.

पिंजऱ्यात झाडं खरीच हवीत. मनीप्लांट सगळ्यांत सोपा, पानं मोठी, लपायला जागा. व्हेल्ड पानंही खातो, त्यामुळे विषारी झाड चालत नाही आणि औषध मारलेलं झाड तर अजिबातच नाही. लेकीनं गणपतीसाठी कुंडीत जास्वंद लावली होती, कसलंही औषध न मारता. नातवानं एक फूल पिंजऱ्यात टांगलं. मेथीनं आधी एक डोळा फिरवला, मग दुसरा, मग चालत जाऊन लाल पाकळी तोंडात ओढली. त्या वर्षीच्या गणपतीत सकाळी देवाला एक फूल जायचं आणि मेथीला एक.

आणि किडे. लेकीच्या घरी अंडंही येत नाही. जिवंत रातकिड्यांचा खोका स्वयंपाकघराशेजारी ठेवायचा, या विचारानं ती दोन दिवस अस्वस्थ होती. आम्ही यावर बसून बोललो. मला जे वाटलं ते मी तिला सांगितलं आणि अजूनही तेच वाटतं: जो जीव घरात आणला त्याच्या जेवणाची लाज वाटत असेल तर तो आणायला नको होता. आणल्यावर त्याला अर्धपोटी ठेवणं याला अहिंसा म्हणत नाहीत. तिनं गॅरेजमध्ये फळी रिकामी करून दिली.

रातकिड्यांचं संगोपन हे शॅमेलिऑनच्या संगोपनाइतकंच मोठं काम निघालं. उपाशी रातकिडा म्हणजे रिकामा डबा. तो जे खातो तेच पुढे जातं. म्हणून त्यांना आदल्या दिवसापासून गाजर, रताळं, हिरव्या पालेभाज्या. शिवाय किड्यांमध्ये फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम अगदी कमी, त्यामुळे देताना ते कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. ड जीवनसत्त्व असलेली भुकटी महिन्यातून दोनदाच, जास्त झाली तर तीही बाधते. किडा तिच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. न खाल्लेले किडे रात्री पिंजऱ्यात ठेवायचे नाहीत, ते झोपलेल्या प्राण्याला कुरतडतात. रातकिड्यांसोबत रेशमाच्या अळ्या, शेणकिड्यासारख्या दिसणाऱ्या पाळीव झुरळांच्या जाती, असं आलटून पालटून.

तिचं खाणं बघणं मात्र विलक्षण होतं. दोन्ही डोळे एकदम एका जागी येतात, तोंड किंचित उघडतं, जिभेचा गोळा ओठांवर दिसतो, आणि पुढचं काही दिसतच नाही. किडा तोंडात. जीभ अंगाच्या लांबीच्या दुपटीपर्यंत जाते. जिभेच्या हाडाभोवतीच्या तंतूंच्या गुंडाळ्या स्नायू आधी ताणून धरतात आणि मग एकदम सोडतात, धनुष्यातून बाण सुटावा तशी. २०१६ साली मोजलेल्या एका छोट्या आफ्रिकी जातीत हा वेग पकडण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट निघाला. त्याच साली आणखी एका प्रयोगात कळलं की जिभेच्या टोकावरची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा सुमारे चारशेपट चिकट असते. थंडीतही जीभ जवळजवळ तेवढ्याच जोरानं सुटते, कारण ताकद आधीच साठवलेली असते.

रंगाविषयी नातवाच्या शाळेतले मित्र सारखे विचारायचे. लाल कागदावर ठेवला तर लाल होतो का? एकानं तर रंगीत कागद आणलेसुद्धा. होत नाही. ती काय सांगते आहे ते रंगात असतं: थंडी वाजतेय, म्हणून गडद होऊन ऊन शोषतेय; घाबरलेय; दूर हो; झोपलेय. रात्री टॉर्चच्या उजेडात झोपलेली मेथी ओळखू येऊ नये इतकी फिकट असायची, कोवळ्या कोबीच्या पानासारखी. यामागचं यंत्र २०१५ साली जिनिव्हा विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पँथर शॅमेलिऑनमध्ये उलगडलं. कातडीच्या पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे मांडलेले असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात, त्यावर कातडीतल्या पिवळ्या रंगाची छटा पडून हिरवा दिसतो. चवताळला की स्फटिक एकमेकांपासून लांब सरकतात आणि पिवळा, नारिंगी, लाल प्रकाश परत येतो. म्हणजे हिरवा हा स्वस्थपणाचा रंग. हे कळल्यावर नातवानं ते रंगीत कागद स्वतःहून परत केले.

आणि हात. मुलांना प्राणी हातात हवा असतो, कुत्र्यासारखा, मांजरासारखा. त्या पैदासकार गृहस्थांनी पहिल्याच भेटीत नातवाला एक नियम दिला होता: नवं घर, नवा पिंजरा, किमान पंधरा दिवस हात मागे. नुसतं म्हणाले नाहीत, त्याचे दोन्ही हात धरून पाठीमागे बांधायला लावले आणि तसंच उभं राहून पाच मिनिटं पिंजऱ्याकडे बघायला सांगितलं. शॅमेलिऑनला कळप नसतो, सोबत नको असते. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवलं तर मारामारी नसली तरी दोघंही आतून झिजतात. आरशातलं स्वतःचं प्रतिबिंबसुद्धा त्याला शत्रू वाटतं. त्याचं दुखणं शेवटपर्यंत लपलेलं राहतं, कारण झाडावर जो आजारी दिसतो त्याला पक्षी उचलतो. म्हणून दिवसा डोळे मिटलेला शॅमेलिऑन हा झोपाळू नसतो, आजारी असतो. सुजलेला सांधा, आत गेलेले डोळे, एका जागी न राहणारी पकड, उघडं तोंड वर करून श्वास घेणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. नातू रोज शाळेतून आला की हात मागे बांधून उभा राहायचा आणि वहीत लिहायचा. काय खाल्लं, कोणता रंग, कुठे बसली. ऑक्टोबरपर्यंत मेथीची पकड सुधारली. बाकदार पाय सरळ झाला नाही, तो तसाच राहणार आहे.

इकडे पुण्यात परतल्यावर ओळखीच्यांनी विचारलं, आपल्याकडे पाळता येईल का? घोयरा वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. त्याला पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि तसाच तो असायला हवा. परदेशी जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो, आणि कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारकडे नोंद करणं बंधनकारक झालं आहे. कागद झाले तरी खरा प्रश्न उरतोच. एक्स-रेवर शॅमेलिऑनची हाडं वाचू शकणारा डॉक्टर तुमच्यापासून किती तासांवर आहे? तो नसेल तर आणू नका. आणि कंटाळा आला म्हणून बाहेर सोडू तर मुळीच नका. फ्लोरिडात आणि हवाईत सोडलेले व्हेल्ड आज रानात वाढत आहेत आणि तिथल्या जिवांवर जगत आहेत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेथीचा रंग पालटला. अंग गडद हिरवं, जवळजवळ काळपट, त्यावर पिवळे आणि निळे ठिपके. पोट दोन्ही बाजूंनी वाटाण्याच्या शेंगेसारखं गाठीगाठीचं. मग तिनं खाणं सोडलं. दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी उतरायची, कोपरे खरवडायची, पुन्हा वर जायची. वाळूची बादली आम्ही ऑक्टोबरपासूनच ठेवली होती. आरपार न दिसणारी, फूटभर खोल, आत धुतलेली वाळू, बोटानं भोक पाडलं तर ढासळणार नाही इतकीच ओली. या काळात मादीला कुणी बघतंय असं जाणवलं तर ती खणणं सोडून देते, पुन्हा सुरू करेल याची खात्री नसते. लेकीनं माझी जुनी सुती साडी पिंजऱ्याच्या तीन बाजूंना बांधली. चौथ्या बाजूला दार आणि दाराला बोटभर फट.

पहिल्या दिवशी तिनं दोन ठिकाणी खणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवानं फटीतून पाहिलं, तर वाळूतून फक्त शेपटीचं टोक दिसत होतं. ती सबंध आत गेली होती. त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. लेकीनं मिक्सर लावला नाही. संध्याकाळी ती आत उलटी फिरली, डोकं बाहेर, धड आत, आणि दिवे बंद व्हायची वेळ झाली तरी तशीच होती. दिवे चालू ठेवायचे की बंद, यावर लेक आणि मी कुजबुजत वाद घातला. शेवटी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, वेळेवर बंद करा, तिच्यासाठी अंधारच चांगला. नातू जिन्यात पांघरूण घेऊन झोपला.

मला शॅमेलिऑनच्या आणखी एका जातीबद्दल वाचलेलं आठवत होतं. मादागास्करच्या कोरड्या पश्चिमेकडे राहणारी लाबोर्ड नावाची. वर्षातले आठ-नऊ महिने ती अंड्यात काढते आणि अंड्याबाहेर चार-पाचच महिने जगते. पावसाबरोबर सगळी पिल्लं एकदम निघतात, वाढतात, अंडी घालतात आणि मरतात, मग पुढच्या पावसापर्यंत रानात त्या जातीचा एकही जिवंत प्राणी नसतो, फक्त जमिनीत अंडी. मेथीची जात इतकी घाईची नाही. पण प्रत्येक विणीबरोबर मादीच्या हाडांतलं किती कॅल्शियम कवचांत जातं, हे तो एक्स-रे बघितल्यावर माझ्या मनातून जात नव्हतं. पोसलेल्या, गरम ठेवलेल्या मादीला अंडी जास्त होतात. म्हणूनच आम्ही तिला दिवसाआड मोजकं खायला देत होतो आणि फांदीवरचं तापमान २७ वर आणलं होतं.

सकाळी सात वाजता दिवे लागले. साडेआठला नातवानं मला उठवलं. वाळू सपाट झाली होती. मेथी मागच्या पायांनी, बाकदार पायानंही, वाळू ओढून खड्डा दाबत होती. आत पिल्लू नसलेली अंडी ती इतक्या काळजीनं झाकत होती की मला बघवेना आणि नजर काढवेना. आम्ही तिला ते काम पुरं करू दिलं, अर्धा तास लागला. नंतर तिनं बादली सोडली आणि मनीप्लांटच्या देठावरून वर चढली. बारीक झाली होती, कातडी बरगड्यांवर बसलेली, तोंडाला आणि तुऱ्याला वाळू चिकटलेली. दुसऱ्या दिवशी आम्ही वाळू उपसली तेव्हा सत्तावीस अंडी निघाली, पांढरी, लांबट, तिच्या पोटात एकही राहिलेलं नव्हतं हे डॉक्टरनं तपासून सांगितलं.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या सकाळी नातवानं फवारा सुरू केला. पाणी साडीवरून, पानांवरून, तिच्या तुऱ्यावरून वाहायला लागलं. मेथीनं डोळे मिटून तोंड वर केलं, एक थेंब ओठावर आला, तिनं तो गिळला, मग पुढचा. ती पंधरा-वीस मिनिटं पाणी पीत होती. नातू दाराच्या फटीशी उभा होता, रात्रीचं पांघरूण खांद्यावर, दोन्ही हात मागे बांधलेले.